गोळीनं नजर गेली तर?

मला काय झालं होतं हे सांगायच्या आधी मी काम काय करते ते सांगायला हवं. नाहीतर मी डॉक्टरांकडे जायला इतका उशीर का केला, आणि गेल्यावरही एवढा शहाणपणा का केला, हे कुणाला कळायचं नाही.

सिल्वासात पॉलिस्टर धाग्याचे कारखाने पुष्कळ. त्यातल्या एकाची क्वालिटी लॅब मी सांभाळते. मशीनवरून उतरलेल्या प्रत्येक बॉबिनचा थोडासा धागा घेऊन आम्ही एका लहान गोल यंत्रावर त्याचा मोजा विणतो. एका बॉबिनची दोन बोटं, त्याला लागून दुसरीची दोन बोटं, असा तो मोजा लांबत जातो. त्याला सगळे ‘सॉक’ म्हणतात. तो रंगवायचा, सुकवायचा, फळीवर चढवायचा आणि अंधाऱ्या खोलीत दिव्याखाली धरून बघायचा. सगळा एकसारखा निळा दिसला तर माल पास. मध्येच एखादा पट्टा किंचित फिका दिसला तर ती बॉबिन बाहेर. तो पट्टा इथे नजरेतून सुटला तर पुढे सुरतेला किंवा भिवंडीला विणलेल्या अख्ख्या ताग्यात रेघ उमटते, आणि गिऱ्हाईक फोनवरून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. मोजणारी यंत्रं आलीत, पण आमच्याकडे शेवटचा शब्द अजून डोळ्याचा आहे.

तो डोळा माझा. मी मूळची सटाण्याकडची, शिकले नाशिकला, लग्नानंतर इथे आले आणि या खोलीत उभी राहिले ती आजतागायत. ‘वैशाली मॅडमनी बघितलंय ना? मग झालं,’ असं प्लांटमध्ये म्हणतात. हे ऐकून मी वरवर लाजायचे आणि आतून फुगायचे.

आता गंमत बघा. आमच्या धंद्यात घाबरट माणसाला कोणी घाबरट म्हणत नाही, बारकाईनं काम करणारा म्हणतात आणि त्याला बढती देतात. मी एक सॉक दोनदा बघायची ती पुढे चारदा बघू लागले. पास केलेला माल गोडाऊनमधून परत मागवू लागले. जेवायला बसले की वाटायचं, तो सकाळचा तिसरा सॉक नीट बघितला होता का? घास तोंडात तसाच ठेवून मी लॅबला फोन लावायचे. मॅनेजमेंटनं मला वर्षातल्या उत्तम कर्मचाऱ्याचं शिल्ड दिलं. ते अजून शोकेसमध्ये आहे. सई, माझी मुलगी, त्याला ‘मम्मीच्या टेन्शनचं बक्षीस’ म्हणते.

सगळं नॉर्मल

तो दिवस अगदी साधा होता. दुपारचं जेवण झालं होतं, मी दिव्याखाली उभी होते आणि एकदम छातीत काहीतरी सुटलं. धडधड एवढी की कानात ऐकू येत होती. हाताची बोटं बधिर, हवा आत जाईना. मला वाटलं, मी आता मरते. हे नुसतं लिहायला म्हणून लिहीत नाही, माझी तशी पक्की खात्री झाली होती. सईची दहावी, नवऱ्याला, हेमंतला, धड कुकर लावता येत नाही, असले विचार एकापाठोपाठ आले. माझा केमिस्ट जिग्नेश घाबरून ‘मॅडम, बेसो, बेसो,’ करत होता आणि मला बसायचं कसं ते आठवत नव्हतं.

हॉस्पिटलात ठेवून घेतलं. कार्डिओग्राम, एको, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवणं, रक्त, थायरॉईड, सगळं झालं. वॉर्डातली सिस्टर येताजाता ‘आंटी, कुछ नहीं है आपको’ म्हणायची. मी तिच्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी असेन. शेजारच्या खाटेवर खानवेलकडची एक म्हातारी होती. ती घरून आलेली नागलीची भाकरी मोडून अर्धी मला द्यायची, काही न विचारता. त्या हॉस्पिटलातली तेवढी एकच गोष्ट मला आवडली.

शेवटी फिजिशियन हसत आले. म्हणाले, ‘तुमचं हार्ट माझ्यापेक्षा चांगलं आहे. हा पॅनिक अटॅक होता. आता माझ्याकडे नको, मानसोपचार तज्ज्ञांकडे जा.’

हेमंतनं हुश्श केलं. तो जवळच गलोंड्याच्या एका प्लास्टिक कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीनमध्ये फॉल्ट सापडला नाही की त्याचं काम संपतं. ‘चला, काही निघालं नाही!’ असं त्यानं सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं. मी मात्र खाटेवर बसून रडले. मरताना मला जे वाटलं ते वाटलं, आणि कागद म्हणत होते की काही झालंच नाही. एखादा रोग निघाला असता तर बरं, असं मनात आलं. तसं वाटल्याची पुन्हा भीती वाटली. डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं नाही, एवढं मात्र मी तिथेच ठरवून टाकलं.

घरातले उपाय

पुढचे काही महिने माझ्यावर सगळ्यांनी उपचार केले, एक डॉक्टर सोडून. कोणी अश्वगंधा सांगितली, कोणी चहा सोड म्हणालं. हेमंतनं मोबाईलवर प्राणायामाचं ॲप घालून दिलं. त्यातली बाई ‘मन शांत करा’ म्हणाली की माझं डोकं आणखी उठायचं. ‘टेन्शन घेऊ नकोस,’ हे वाक्य तर मी इतक्या वेळा ऐकलं की ते घरातल्या पंख्यासारखं झालं, फिरतंय तर फिरू दे.

अटॅक येतच राहिले. मी गाडी चालवणं बंद केलं. वापी रोडला ट्रकांच्या रांगेत अडकले की आता इथून पळता येणार नाही या विचारानंच घाम फुटायचा. मग भाजीबाजार बंद, सईच्या शाळेच्या मीटिंगा बंद. फक्त लॅब चालू, कारण तिथे माझ्या भीतीला मान होता.

मी डॉक्टरकडे का जात नव्हते, याचं लोकांना सांगायचं उत्तर होतं, ‘लोक काय म्हणतील’. खरं उत्तर वेगळं होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी ऐकलं होतं की त्या गोळ्यांनी माणूस शांत होतो. शांत झाले तर मला पट्टा दिसेल का? मला तर वाटायचं, माझी नजर म्हणजे माझी धास्तीच. ती काढून घेतली तर राहील काय? दिव्याखाली उभी असलेली एक सुस्त बाई, जिच्या जागी उद्या कोणीही चालेल.

गेले ते सईमुळे. एक दिवस ती तिच्या मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘मम्मी, तू ऐकत नाहीयेस. तू फक्त माझ्या तोंडाकडे बघतेस. काय फॉल्ट आहे ते शोधतेस.’

ती रागावून बोलली असती तर मी उलट ओरडले असते. ती अगदी साध्या आवाजात बोलली आणि उठून गेली. त्या आठवड्यात मी हेमंतला म्हटलं, अपॉइंटमेंट घे.

वापीला, गुपचूप

सिल्वासात मानसोपचाराचा दवाखाना आहे. पण इथे कुठल्या गाडीवर कुठल्या कंपनीचा स्टिकर आहे हे सगळ्यांना पाठ. म्हणून आम्ही वापीला गेलो. ओढणी डोक्यावरून घेऊन मी वेटिंग हॉलमध्ये शिरले, आणि समोर कोण? आमच्याच कंपनीचे एचआरचे दीक्षित, पुण्याचे, दर सोमवारी ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’चे मेसेज टाकणारे. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना. त्यांनी पेपर वर केला. तो त्यांच्या हातात उलटा होता.

थोड्या वेळानं पेपरामागून आवाज आला, ‘इकडे पार्किंग बरं आहे, नाही?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘पार्किंगसाठीच येतो आम्ही.’

आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं होतं. पुढे रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं, की वापीची मंडळी याच कारणानं सिल्वासाच्या दवाखान्यात जातात. म्हणजे वापी रोडवर रोज दोन्ही बाजूंनी माणसं एकमेकांना चुकवत जाताहेत आणि समोरासमोर येताहेत.

डॉक्टर बाई गुजराती होत्या, पन्नाशीच्या, केस बॉयकट. मराठी कळायची, बोलायच्या हिंदीत. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. सगळं सांगून झाल्यावर मी एकदाचं विचारलं, ‘गोळीनं माझी नजर जाईल का? माझं काम डोळ्यांचं आहे. बारीक फरक ओळखायचं. मी शांत झाले तर...’

त्या लगेच ‘नाही’ म्हणाल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, ‘शुरू में थोडा सुस्त लगेगा. ज्यादा लगे तो मुझे बताना, हम डोस देखेंगे. लेकिन बेन, आपको क्यों लगता है कि डर को दिखता है?’

मी मनात म्हटलं, यांना काय माहीत आमचं काम. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळी सांगितली, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं. आणि दोनदा बजावलं, की मला विचारल्याशिवाय गोळी कमी करायची नाही, बरं वाटलं तरी नाही. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

आईंची पद्धत

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. जांभया यायच्या, आणि धडधड कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढली. मी गोळीचं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि हेमंतनं ते काढून आणलं. आमचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, ‘मी काय करू ते तरी सांग! मला यातलं काही रिपेअर करता येत नाही.’ तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तो किती थकलाय. त्याचे गाल बसले होते.

मग सटाण्याहून सासूबाई आल्या, आम्ही त्यांना आईच म्हणतो. मला वाटलं, आता डोक्याचा डॉक्टर ऐकून या घर डोक्यावर घेतील. हेमंतनं घाबरत घाबरत त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवला आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं, ‘काय व्हयनं वं माय तुले? भ्याव वाटस का?’

भीती वाटते का, असं सरळ मला कोणी विचारलंच नव्हतं. सगळे छातीचं विचारायचे. मी ‘हो’ म्हटलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याच्या ताटलीत पोळीच्या शेजारी गोळी ठेवायला लागल्या. दोन्ही उपाय त्यांच्या लेखी एकाच तोलाचे होते. घरात असं एखादं माणूस असलं की औषध चुकत नाही.

सिंहाच्या बसमध्ये

हळूहळू उतार पडला. एके दिवशी लक्षात आलं की आज आपण फोडणीतल्या मोहरीचा वास घेतला. एवढीशी गोष्ट, पण भीती असताना नाकाला काही कळत नसे.

डॉक्टर बाईंनी मग गृहपाठ द्यायला सुरुवात केली. जिथून पळावंसं वाटतं तिथे मुद्दाम जायचं, आणि भीती चढली तरी थांबायचं. ती चढते तशी उतरते, पण उतरताना बघायला आपण तिथे असायला हवं. आधी बाजार, मग लिफ्ट, मग स्वतः गाडी चालवत वापी रोड. सई म्हणाली, ‘मग वासोण्याच्या लायन सफारीला जाऊ. तिथे बसचं दार बंदच असतं.’ कार्टीला माझी दया म्हणून नाही.

जाळ्या लावलेल्या त्या बसमध्ये दार लागलं, कडी पडली आणि माझी छाती सुरू झाली. घाम, बधिर बोटं, सगळी वरात हजर. मी ड्रायव्हरला ‘उघडा’ म्हणणार होते. सईनं माझा हात धरून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी दात आवळून बसले. बाहेर एका झाडाखाली सिंह उताणा पडला होता, चारी पाय वर, माशी हाकलायचेही कष्ट घेत नव्हता. मागच्या सीटवरच्या काकांनी गार्डला विचारलं, ‘भाई, ये जिंदा तो है ना?’ गार्ड म्हणाला, ‘जिंदा है साहब, टेन्शन नहीं लेता.’

बस हसली. मी घामानं निथळत होते, तरी हसले. आणि हसता हसता जाणवलं की छाती उतरणीला लागलीये, एकाएकी नाही, सावकाश, जसं डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या. मी पळाले नव्हते आणि मेलेही नव्हते. परत येताना गाडी मी चालवली.

शहाणपणा

इथे ही हकिकत संपवता आली असती तर किती बरं झालं असतं.

पण एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट ठरलं. त्यांची माणसं येऊन लॅबमध्ये दिवसभर बसणार, आमचे सॉक आमच्यासमोर बघणार आणि मग वर्षाची ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवणार. प्लांट हेड मेहता सर रोज येऊन म्हणायचे, ‘मॅडम, आप हो तो चिंता नहीं.’ मला गोळी सुरू आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला जरा मंद वाटत होतं. सॉक एकदा बघायचा, ठीक वाटला की पुढे. पूर्वीसारखी आत कळ उठत नव्हती. मला वाटलं, झालं, ज्याची भीती होती तेच झालं, नजर गेली. डॉक्टर बाईंना सांगायला हवं होतं. त्यांनी तेच सांगितलं होतं. पण मशीनवाले आम्ही. डिस्पॅचच्या आधी सेटिंग आपल्या हातानं बदलायचं, ही सवय. आईंनी ताटलीत ठेवलेली गोळी मी अर्धी तोडू लागले, आणि ऑडिटच्या आधी तर ती सरळ नॅपकिनमध्ये गुंडाळली. धास्ती थोडी परत आली पाहिजे होती मला, कामापुरती.

आली. पण कामापुरती नाही आली.

आधी चक्कर यायला लागली आणि डोक्यात बारीक करंटसारखं काहीतरी. ऑडिटच्या दिवशी दिव्याखाली पहिला सॉक धरला आणि मला पट्टे दिसले. एक नाही, कितीतरी. सॉक फिरवला तर पट्टे दुसरीकडे. दुसरा सॉक, तिथेही. मी म्हणत गेले, रिजेक्ट, रिजेक्ट, हा पण रिजेक्ट. गिऱ्हाइकाची माणसं एकमेकांकडे बघत होती, कारण त्यांना काहीच दिसत नव्हतं. जिग्नेशलाही दिसत नव्हतं. मेहता सरांचा चेहरा उतरत गेला. मग माझी हवा संपली आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत जमिनीवर बसले. ऑडिटला आलेल्या एका बाईंनीच माझ्या तोंडाला पाणी लावलं.

तो माल पुढे सगळीकडे तपासला. उत्तम होता. त्यात एकही पट्टा नव्हता.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. ‘वैशालीबेन, डर को दिखा?’ एवढंच विचारलं. नंतर त्यांनी गोळी नीट बसवून दिली, डोसही बदलला, त्यामुळे तो मंदपणा गेला. एक फोन केला असता तर तो आधीच गेला असता. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी गोळी घेत असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे, तो फोन करा.

खरं कारण

कामावर काय सांगायचं, यावरून घरात पुन्हा वादावादी. हेमंतचं म्हणणं, बीपी लो झालं म्हणून सांग. ‘इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. उद्या माझ्याही कंपनीत कळेल.’ त्याचं चूक नव्हतं. पण मला आठवले ते पेपरामागचे दीक्षित. किती दिवस आम्ही पार्किंगवर बोलत राहणार होतो?

मी मेहता सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळी, ती मी का सोडली ते. बोलताना आवाज कापत होता. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, ‘अच्छा किया बता दिया. आराम करो, फिर आओ.’ सुट्टीही दिली. मला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन मी आईंना श्रीखंड करायला लावलं.

सुट्टी संपवून परत गेले तेव्हा सगळे फार चांगले वागत होते, आणि तोच त्रास होता. माझ्यासमोर कुणी मोठ्यानं बोलेना. मी बघितलेला सॉक जिग्नेश माझ्या मागून पुन्हा बघायचा. एकदा मी त्याला पकडलं. तो कानापर्यंत लाल झाला. ‘मॅडम, सरांनी सांगितलंय. मला नाही आवडत.’ मी त्याला म्हटलं, ‘बघ तू, काही हरकत नाही.’ हरकत होती. मला फार लागलं ते. इतके महिने नजर जाईल म्हणून मी भ्यायले, आणि आता नजर होती तशी होती, तर तिच्यावरचा विश्वासच गेला होता.

हेमंतला हे सांगितलं. ‘मी सांगत होतो’ असं तो म्हणू शकला असता. त्यानं चहा केला. तो चांगला झाला नव्हता, पण मी सगळा प्यायले.

गेटवर कंटेनर

दिवाळीच्या तोंडावर माल न्हावाशेवाला जायचा होता. कंटेनर गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, बंदराची वेळ चुकली तर माल पुढच्या जहाजावर. शेवटचे सॉक दिव्याखाली आले. जिग्नेशनं बघितले आणि ओके म्हणाला. मी बघितले.

एका सॉकवर, मधोमध, फिका पट्टा होता.

सगळ्यात आधी मी माझ्या छातीकडे लक्ष दिलं. ती शांत होती. हात कोरडे होते. मी सॉक उतरवला, उलटा करून परत चढवला आणि एकदाच बघितला. भीतीचे पट्टे जागा बदलतात, हे मी ऑडिटच्या दिवशी शिकले होते. हा हलला नाही. त्याच बॉबिनच्या दोन बोटांत, तिथेच.

मी जिग्नेशला सांगितलं, माल थांबव. त्यानं मेहता सरांना फोन केला आणि सर धावतच आले. त्यांनी सॉककडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मग जिग्नेशकडे वळून विचारलं, ‘तुझे दिखता है?’

‘सर, मला तर...’ जिग्नेश चाचरला. ‘क्लिअर नाही दिसत.’

सर माझ्या जवळ आले. आवाज खाली आणला, अगदी घरच्या माणसासारखा. ‘मॅडम, बुरा मत मानना. आज गोली ली है ना?’

जिग्नेश जमिनीकडे बघू लागला. गेटवरचा हॉर्न ऐकू येत होता. मला राग आला, आणि खूप वाईट वाटलं, कारण हा प्रश्न मला यापुढे कुणीही, कधीही विचारू शकणार होतं आणि तो मीच माझ्या तोंडानं त्यांच्या हातात दिला होता. क्षणभर वाटलं, सोडून द्यावा हा पट्टा. जाऊ दे कंटेनर. भोगा म्हणावं.

‘ली है सर,’ मी म्हटलं. ‘रोज घेते, आजपण घेतली. म्हणूनच माझ्या आवाजात काही फरक नाही. माल रोकिए.’

मी सॉक त्यांच्यापुढे धरला. ते तसेच उभे होते. मी हात खाली केला नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि दिव्याखाली वाकले. बराच वेळ वाकून होते. मग खिशातून फोन काढून त्यांनी गेटला लावला. ‘कंटेनर को साइड में लगवाओ,’ म्हणाले, आणि फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे वळले.

‘कौन सी मशीन का है, मॅडम?’

मी मशीनचा नंबर सांगितला.